पावसाळ्यात सुरू न होणारा संगणक आणि सारखा कागद अडकवणारा प्रिंटर : पुन्हा पुन्हा होणाऱ्या बिघाडाचे मूळ कसे शोधावे

कोकणातल्या आमच्या घरी जुलै लागला की दोन तक्रारी ठरलेल्या असत. चार-पाच दिवस बंद राहिलेल्या संगणकाचे बटण दाबले की आतला पंखा फिरे, पण पडदा काळाच राही. आणि लेझर प्रिंटर दोन पाने नीट काढून तिसऱ्या पानाला कागद अडकवी. दुरुस्ती करणारे गृहस्थ येत, काहीतरी काढून, पुसून परत बसवत, यंत्रे सुरू होत, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच रडगाणे. तिसऱ्या वर्षी मी कॅलेंडरवर प्रत्येक बिघाडाची खूण करू लागलो. बाहेर पाऊस आहे की ऊन, संगणक किती दिवस बंद होता, घरातली वीज गेली होती का, कागदाचे पुडके कधी फोडले, एवढेच मी तारखेपुढे लिहीत असे. दोन महिन्यांत कारणे डोळ्यांसमोर उभी राहिली आणि त्यांतली बहुतेक यंत्राच्या आत नव्हतीच. ती हवेत, भिंतीवरच्या विजेच्या बोर्डात आणि आमच्या सवयींत होती.

म्हणून पुढे जे लिहिले आहे, ते बिघाड कधी होतो या प्रश्नापासून सुरू केले आहे. एकदाच होणारा बिघाड कशानेही झालेला असू शकतो, पण पुन्हा पुन्हा होणाऱ्या बिघाडाला बहुधा ठरावीक वेळ असते, आणि ती वेळ सापडली की निम्मे काम होते.

पहिली तक्रार पंखा फिरतो पण पडद्यावर काही येत नाही, ही. अनेक मदरबोर्डांवर, म्हणजे संगणकातल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, अशा वेळी लांब बीप थांबून थांबून वाजत राहतो. नव्या बोर्डांवर छोटा स्पीकर नसेल तर रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीच्या, खाचेजवळ बारीक दिवा लागून राहतो. संगणक काही दिवस बंद राहिल्यानंतरच असे होत असेल आणि एकदा सुरू झाल्यावर दिवसभर काही अडचण येत नसेल, तर संशय सर्वप्रथम रॅमच्या पट्टीवर घ्यावा. पट्टीच्या खालच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेले चपटे दात असतात आणि ते खाचेतल्या बारीक स्प्रिंगांना टेकलेले असतात. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहतो. धूळ आणि दमट हवा मिळून त्या दातांवर पातळ थर बसतो आणि संपर्क तुटक होतो. रॅम स्वतः खराब झालेली नसते, तरी मला एकदा नवी रॅम घ्यायला लावली गेली होती, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या नव्या पट्टीनेही तेच केले.

उपाय करताना प्लग भिंतीतून पूर्ण काढावा, चालू-बंद करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे म्हणजे आत उरलेला विजेचा भार निघून जातो, आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच आत हात घालावा. पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सोडून सरळ वर उचलावी. आपल्याकडे पांढऱ्या खोडरबराने दात घासण्याची पद्धत आहे आणि अडचणीच्या वेळी ती चालते, पण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असल्यामुळे दर महिन्याला घासत राहिल्यास तो निघून जातो आणि मग खरोखरच रॅम बदलावी लागते. त्यापेक्षा औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बोळा किंचित भिजवून एकाच दिशेने पुसावे, पूर्ण वाळू द्यावे आणि पट्टी दोन्ही खिट्ट्यांचा ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत समान जोराने दाबावी. खाच कोरड्या, मऊ ब्रशने झटकावी. तिच्यात तोंडाने फुंकर घालू नये, कारण फुंकरेबरोबर लाळेचे तुषार जातात.

हे झाले त्या दिवसापुरते. कायमचा उपाय एवढाच की पावसाळ्यात संगणक वापरायचा नसला तरी रोज अर्धा-पाऊण तास चालू ठेवावा. यंत्राची स्वतःची ऊब आतला ओलावा हटवते. कॅबिनेट फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर, ओल धरणाऱ्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. आमच्या कॅलेंडरवर हा बदल केल्यापासून जुलैत एकही खूण पडली नाही.

मात्र लक्षण सारखे दिसले तरी वेळ वेगळी असेल, तर कारणही वेगळे असते. सकाळी दोन-तीन वेळा बटण दाबल्यावरच संगणक उठतो आणि नंतर बंद करून लगेच सुरू केला तर पहिल्याच फटक्यात उठतो, असे बाराही महिने होत असेल, तर एसएमपीएसमधले (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातले) किंवा मदरबोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारे छोटे डबे, म्हातारे झाले आहेत असे समजावे. उष्णतेने त्यांच्यातले द्रव वर्षानुवर्षे आटत जाते आणि थंड अवस्थेत ते नीट काम करीत नाहीत. मदरबोर्डावरील कपॅसिटरचे डोके सपाट असायला हवे. ते फुगलेले किंवा तपकिरी डाग पडलेले दिसले, तर निदान पक्के. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर भार काही काळ राहू शकतो, म्हणून तो डबा सरळ बदलावा.

संगणक सुरू होऊन वीस-पंचवीस मिनिटांनी, विशेषतः दुपारी, आपोआप बंद पडत असेल तर ती उष्णतेची तक्रार असते. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला असतो, किंवा मधली थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा लेप, वाळून खडूसारखी झालेली असते. साफ करताना पंख्याचे पाते बोटाने धरून मगच हवा मारावी. पेस्ट बदलायची तर जुनी पूर्ण पुसून वाटाण्याएवढीच नवी लावावी. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही.

घड्याळाची तक्रार छोटी आहे, पण ती भलत्याच रूपात समोर येते. बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा संदेश येतो, आणि माणूस इंटरनेटवाल्याला फोन लावतो. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. ती मागच्या कुठल्यातरी वर्षाची दिसली, तर मदरबोर्डावरचा रुपयाच्या नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपला आहे. संकेतस्थळांच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांना मुदत असते आणि संगणकाची तारीख चुकली की ती प्रमाणपत्रे त्याला मुदतीबाहेरची वाटतात. नवा सेल ३ व्होल्ट दाखवतो, मल्टिमीटरवर २.८ च्या खाली आला असेल तर बदलून टाकावा. भिंतीवरचे बटण चालू असते तेव्हा संगणक बंद असूनही घड्याळाला एसएमपीएसकडून वीज मिळत राहते. ज्या घरांत रोज रात्री मुख्य बटण बंद करतात, तिथे सगळा भार सेलवर पडतो आणि तो लवकर संपतो. वीज कडाडण्याच्या दिवसांत बटण बंद करणे योग्यच आहे, फक्त सेल थोडा आधी बदलावा लागणार हे धरून चालावे.

आता अर्थिंगविषयी, कारण त्याकडे फार दुर्लक्ष होते. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येतात, ही तक्रार आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत होई आणि पाऊस पडला की नाहीशी होई. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून धातूच्या पेटीकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून येणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो, नसेल तर पेटीवर निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहते. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्याची पकड सुटते. जाणकार वायरमनकडून सॉकेटमध्ये मोजून घ्यावे: फेज आणि न्यूट्रल यांत साधारण २३० व्होल्ट, फेज आणि अर्थ यांतही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ यांत २-३ व्होल्टच्या आत. हे आकडे जुळत नसतील तर खड्डा तपासून घ्यावा, त्यात पाणी घालावे, गरज असेल तर मीठ-कोळसा नव्याने भरून घ्यावा. प्रिंटर एका बोर्डावर, संगणक दुसऱ्या बोर्डावर आणि अर्थिंग कुठेच नाही, अशा घरांत यूएसबीची केबल लावताना ठिणगी पडून पोर्ट जळू शकतो. माझा एक पोर्ट असाच गेला. त्या दिवसापासून दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर आहेत आणि केबल दोन्ही यंत्रे बंद असतानाच लावली जाते.

प्रिंटरकडे वळू. अडकणाऱ्या कागदाबद्दल सर्वांत आधी दोष दिला जातो तो रोलरला, आणि पावसाळ्यात तो दोष बहुतेक वेळा कागदाचा असतो.

आमच्याकडचा प्रसंग सांगतो. भाचीच्या शाळेच्या अर्जाची सहा पाने काढायची होती. कागदाचे पुडके जूनच्या सुरुवातीला फोडून अर्धे टेबलावर उघडे ठेवलेले होते. तिसरे पान अडकले. ते काढून मी उजेडात धरले, तर कागदाची कड पापडासारखी लहरदार झालेली होती. आधी निघालेल्या दोन पानांना हात लावला तर ती कोमट आणि किंचित ओलसर लागली, आणि मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक थेंब जमलेले दिसले. कारण तिथेच कळले. लेझर प्रिंटरमधला फ्यूजर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापून टोनर, म्हणजे छपाईची भुकटी, कागदावर वितळवतो. कागदात मुरलेल्या पाण्याची तिथे वाफ होते, कागद गुंडाळी घेतो आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर त्याचे टोक वळून अडकते. शिवाय ओलसर पाने एकमेकांना चिकटतात, म्हणून दोन-तीन एकदम ओढली जातात. नवे पुडके फोडून त्यातली पाने घातली, तर सहाही सरळ आली.

तेव्हापासूनचा नियम असा आहे. पुडक्याचे वेष्टन फेकून देऊ नये, कारण ते ओलावा आत न येऊ देणारे असते. हवी तेवढी पाने काढून तोंड दुमडून चिकटपट्टी लावावी आणि पुडके झाकणाच्या डब्यात किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे. ट्रेमध्ये रात्रभर कागद ठेवू नये. ७० ग्रॅमचा (दर चौरस मीटरला) पातळ कागद पावसाळ्यात लवकर लुळा पडतो. या महिन्यांपुरता ७५ किंवा ८० ग्रॅमचा घेतलेला बरा. ट्रेमध्ये घालण्यापूर्वी गठ्ठा दोन्ही टोकांना धरून पत्त्यांसारखा फुलवावा, कडा टेबलावर आपटून सारख्या कराव्यात, आणि बाजूच्या मार्गदर्शक पट्ट्या कागदाला टेकतील एवढ्याच सरकवाव्यात, दाबू नयेत.

अडकलेला कागद काढण्याच्या पद्धतीला मी फार महत्त्व देतो, कारण पुढचा बिघाड तिथेच जन्म घेतो. घाईघाईत वरून एका हाताने ओढले की कागद फाटतो आणि नखाएवढा तुकडा आत राहतो. कागदाच्या वाटेवर प्लास्टिकची एक छोटी जीभ असते. कागद आला की ती दबते आणि प्रिंटरला कळते. तो तुकडा त्या जिभेखाली राहिला, तर आत काहीही नसताना ‘कागद अडकला आहे’ हा संदेश कायम दिसत राहतो, आणि लोक प्रिंटर भंगारात काढायला निघतात. म्हणून प्रिंटर बंद करून प्लग काढावा, फ्यूजर निवेपर्यंत अर्धा तास थांबावे, कार्ट्रिज, म्हणजे टोनरचा डबा, बाहेर काढून त्यावर जाड कापड टाकावे, कारण आतला ड्रम (ज्यावर मजकूर उमटतो ते नळकांडे) उजेड सहन करत नाही, आणि कागद दोन्ही हातांनी, शक्यतो तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, हळूहळू ओढावा. फाटलाच तर तुकडे जोडून पान पूर्ण होते का ते पाहावे. पान पूर्ण होत नसेल तर टॉर्चने आत शोधावे.

कागद कोरडा असूनही उचललाच जात नाही, आणि हे बाराही महिने होते, अशी तक्रार असेल तर मात्र रोलर पाहावा. कागद उचलणाऱ्या रबरी रोलरवर कागदाची भुकटी बसून तो गुळगुळीत होतो. धागे न सुटणारे सुती कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळून रोलर फिरवत फिरवत पुसला, तर बहुतेक वेळा पकड परत येते. पुसूनही चकाकी जात नसेल तर रोलर आणि त्याच्या समोरची वेगळे करणारी पट्टी, दोन्ही एकदमच बदलावीत. एकच बदलली तर दोन-दोन पाने ओढण्याची तक्रार उरतेच.

छपाईत ठरावीक अंतरावर तोच डाग पुन्हा येत असेल, तर फूटपट्टी घेऊन दोन डागांमधले अंतर मोजावे. घरगुती लेझर प्रिंटरमधला ड्रम बहुधा २४ मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे त्याचा घेर सुमारे ७५ मिलिमीटर; डाग तेवढ्याच अंतरावर येत असतील तर ड्रमवर ओरखडा आहे आणि कार्ट्रिज बदलण्याला पर्याय नाही. अंतर वेगळे असेल तर दोष दुसऱ्या एखाद्या रोलरचा असतो. उभी काळी रेघ किंवा पानभर करडी छटा येत असेल आणि कार्ट्रिज भरून आणलेले असेल, तर भरणाऱ्याने वाया गेलेल्या टोनरचा कप्पा रिकामा केला का, हे विचारावे. तो भरून वाहू लागला की अशीच छपाई होते. सांडलेला टोनर कोरड्या फडक्याने टिपावा आणि हात गार पाण्याने धुवावेत, गरम पाण्याने तो वितळून चिकटतो.

शाईच्या टाकीचे प्रिंटर आता घरोघरी आहेत आणि त्यांची नेहमीची तक्रार म्हणजे छपाईत पांढऱ्या आडव्या रेघा. येथेही वेळ पाहावी. माझ्या मावशीकडे दर दोन आठवड्यांनी काळा रंग तुटक येई. तिथे पंधरा मिनिटे बसलो तेव्हा लक्षात आले की मावशी काम झाले की प्रिंटरचे बटण न दाबता थेट भिंतीवरचे बटण बंद करतात. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने तो बंद केला, तर शाईचे हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसते आणि छिद्रे झाकली जातात; काम चालू असताना किंवा संपता संपता वीज तोडली, तर हेड उघडेच राहते आणि केसाहून बारीक छिद्रांत शाई सुकते. ‘‘मावशी, आधी याचं बटण दाबायचं, दिवा विझला की मग भिंतीवरचं,’’ एवढे सांगितले आणि बोर्डाशेजारी चिठ्ठी चिकटवली. आठवड्यातून एकदा चारही रंगांचे एक पान काढायचेही ठरले. त्या प्रिंटरला त्यानंतर दुरुस्ती लागली नाही.

छिद्रे आधीच तुंबली असतील तर नोझल, म्हणजे शाईची छिद्रे, तपासणीचे पान काढावे, हेड स्वच्छ करण्याची आज्ञा द्यावी आणि पुन्हा तपासणीचे पान काढावे. दोन-तीन वेळा करूनही रेघा राहिल्या, तर प्रिंटर बंद करून रात्रभर तसाच ठेवावा. सुकलेली शाई ओल्या शाईने सैल होते आणि सकाळच्या एका सफाईत बरेचदा काम होते. एकामागून एक दहा वेळा सफाई करण्याने शाई तर वाया जातेच, शिवाय ती सगळी प्रिंटरच्या तळातल्या स्पंजात जाऊन बसते, आणि तो भरल्याचा हिशेब पूर्ण झाला की प्रिंटर छपाईच थांबवतो. टाकीतली शाई खालच्या रेषेखाली कधीही जाऊ देऊ नये. नळीत हवा शिरली की ती काढणे सफाईहून कठीण असते.

वायफायवरचा प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो, ही तक्रार बहुधा वीज जाऊन आल्यावर होते. राउटर सुरू होताना घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटतो. प्रिंटरला आज मिळालेला पत्ता कालचाच असेल असे नाही, आणि संगणक मात्र जुन्या पत्त्यावरच पाने पाठवत राहतो. प्रिंटर काढून पुन्हा जोडला की चालतो, म्हणून लोक दर वेळी तेच करतात आणि यादीत एकाच प्रिंटरच्या तीन-चार प्रती जमतात. त्याऐवजी राउटरच्या मांडणीत जाऊन प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवावा आणि संगणकाच्या प्रिंटर-मांडणीतील पोर्ट (पाने पाठवण्याची वाट) त्याच पत्त्याचा करावा. हे करूनही प्रिंटर ऑफलाइनच दिसत असेल, पण प्रिंटरने छापलेल्या माहितीच्या पानावर पत्ता बरोबर असेल, तर त्या पोर्टच्या मांडणीतील ‘एसएनएमपी स्टेटस’ची खूण काढून पाहावी. अनेक घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय ओळखतात, हेही राउटर बदलल्यावर ध्यानात ठेवावे.

छपाईच्या रांगेत एखादे काम अडकून ते ना छापले जाते ना पुसले जाते, तेव्हा विंडोजमधील सर्व्हिसेसच्या यादीत ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारा भाग) थांबवावा, विंडोजच्या फोल्डरमधील सिस्टिम ३२, त्यातील स्पूल आणि त्यातील प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फायली पुसाव्यात, फोल्डर मात्र तसाच ठेवावा, आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा.

लेझर प्रिंटर संगणकाच्या यूपीएसवर जोडू नये. फ्यूजर तापताना तो क्षणभरात शेकडो वॅट ओढतो, आणि घरगुती ६०० व्हीए यूपीएस तेवढ्याने अचानक मान टाकतो. ‘छपाई करताना संगणक बंद पडतो’ या तक्रारीचे कारण मी तीन घरांत हेच पाहिले. हार्ड डिस्कमधून टक्-टक् असा ठेका ऐकू येऊ लागला, तर मात्र कारण शोधत बसू नये; त्याच तासाला फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत.

यंत्र दुरुस्तीला द्यायचेच झाले, तर त्यावर एक कागद चिकटवावा आणि त्यावर ‘चालत नाही’ असे न लिहिता, बिघाड कोणत्या वेळी होतो, आधी किती दिवस यंत्र बंद होते, कोणता संदेश किंवा किती बीप येतात आणि घरी काय काय करून पाहिले, हे तारखांसह लिहावे. अडकलेले पान, डाग पडलेले पान आणि नोझल तपासणीचे पान, जे असेल ते सोबत द्यावे.